पाना-पक्कड : पाकळी मऊ हवी की ताठ?

या महिन्याच्या पत्रांत टू-स्ट्रोकच टू-स्ट्रोक आहे. पंपावर पेट्रोल भरताना बाजूच्या हातपंपाने ऑइलचे दोन स्ट्रोक मारून घ्यायचे दिवस गेले, पण तो वास डोक्यात बसलेली माणसं नाशकात अजून बरीच शिल्लक आहेत असं दिसतं. चार पत्रं निवडलीत, चारही रीडची, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या ब्लॉकवर बसवलेल्या पातळ पाकळ्यांच्या झडपेची. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण तोच प्रश्न ट्रॅकवर मला दर रविवारी कुणी ना कुणी विचारतं.

प्रश्न : काका, नमस्कार. मी सातपूरला सीएनसी ऑपरेटर आहे. मागच्या दिवाळीत पुण्याच्या एका रायडरकडून २००३ ची यामाहा वायझेड १२५ घेतली. मखमलाबादच्या पुढे मित्राच्या शेताच्या कडेला माती टाकून आम्ही छोटा ट्रॅक केलाय, तिथेच चालवतो. वरच्या आरपीएमला गेली की गाडी तुफान पळते, पण वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलेटर दिला की आधी 'भॉक' करून गुदमरते आणि मग क्लच मारत बसावं लागतं. मुलं म्हणतात कार्बनचे रीड टाक, खालचा पिकअप दुप्पट होईल. एक जण म्हणतो, नुसत्या पाकळ्या नको, अख्खा ब्लॉकच बदल. पैसे साठवलेत. नेमकं काय घेऊ?

उत्तर : पैसे आठ दिवस आहेत तिथेच राहू दे. तोवर एक टॉर्च, दोन-चार पाने आणि रविवारची सकाळ एवढं पुरे.

'भॉक' लिहिलंस ते फार बरं केलंस. बाकीचे नुसतं 'पिकअप नाही' लिहून मोकळे होतात, आणि टू-स्ट्रोकमध्ये पिकअप नसायला डझनभर कारणं असतात. तुझ्या पत्रात आणखी एक गोष्ट तू नकळत सांगून टाकली आहेस, तिच्याकडे मी येतोच. आधी रीडचं बघू, कारण ती मुलं अगदीच हवेत बोलत नाहीयेत.

पिस्टन वर जातो तेव्हा खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या बंद पोटात, ओढ तयार होते. त्या ओढीने रीडच्या पाकळ्या उघडतात आणि कार्बोरेटरमधून माल, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण, आत येतो. पिस्टन खाली यायला लागला की तोच माल दाबला जातो, पाकळ्या मिटतात, परतीची वाट बंद. सहा हजार आरपीएमला हे सेकंदाला १०० वेळा होतं, अकरा हजाराला १८३ वेळा. जुन्या राजदूत १७५ ला किंवा येझदीला ही पाकळी नव्हतीच. पिस्टनच्या खालच्या काठानेच दार उघडायचं आणि मिटायचं. त्यातली खोट अशी, की पिस्टन वर जाताना दार जितकं आधी उघडणार, तितकंच ते खाली येताना उशिरा मिटणार. इंजिन हळू फिरत असलं की आत आलेला माल पुन्हा कार्बोरेटरकडे उलटायचा. रीड आला आणि ही उलटी थांबली. म्हणून खालच्या ताकदीशी रीडचा संबंध खरा आहे. चुकतं ते 'कार्बन म्हणजे पिकअप' हे समीकरण.

आमच्या जुन्या नाशकातल्या वाड्यात तळमजल्यावर एक बाजाची पेटी दुरुस्त करणारे राहायचे. शाळा सुटली की मी त्यांच्या समोर जाऊन बसायचो. पितळी सुराच्या, म्हणजे पेटीतल्या रीडच्या, टोकाला ते कानस लावायचे, सूर चढायचा. मुळाशी लावायचे, सूर उतरायचा. पुढे गॅरेजात पहिल्यांदा रीड ब्लॉक हातात आला तेव्हा उस्तादांना फार समजावून सांगावं लागलं नाही. टोक हलकं असलं की पाकळी झटकन परत येते. मूळ बारीक असलं की सहज वाकते, पण परतायला रेंगाळते. पेटी आणि यामाहा, दोन्हीकडे गणित एकच.

आता तुझ्या वळणाकडे येऊ. मऊ पाकळी थोड्याशा ओढीलाही उघडते, म्हणून कमी आरपीएमला थ्रॉटल दिल्या दिल्या इंजिन हुंकार देतं. पण दहा हजाराच्या पुढे तीच पाकळी वेळेवर मिटत नाही, फडफडते, आणि वरची ताकद गळते. ताठ पाकळीचं उलटं. वर इमानदार, खाली आळशी. कार्बन फायबर हा माल मुळात हलका आणि ताठ, त्यामुळे शर्यतीसाठी बनवलेली जाड कार्बनची पाकळी तुझ्या भॉकवर औषध नाहीच, कदाचित तो वाढवेलही. पातळ कार्बनची पाकळी मात्र खालीही छान चालते. म्हणजे दुकानदाराला 'कार्बन आहे का' विचारून भागणार नाही, जाडी विचारावी लागेल. आणि इथे मिलिमीटरचा दशांशानंतरचा दुसरा आकडासुद्धा मोलाचा असतो. त्याच मालाची ०.३५ मिमीची पाकळी काढून ०.४० ची लावली तर आपल्याला वाटतं, असा काय फरक पडणार. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे जवळजवळ दीडपट. तू सीएनसीवर काम करतोस, पाच शतांशाची किंमत तुला मी काय सांगू!

दुपदरी पाकळ्याही मिळतात, बॉयसेन कंपनीच्या त्यासाठी प्रसिद्ध आहेत. खाली जाड पाकळी, तिला खिडकी, आणि खिडकीवर पातळ पाकळी. थोड्या ओढीला नुसती पातळ उघडते, जोर वाढला की जाडही उघडते. खालच्या ताकदीसाठी नुसत्या पाकळ्याच बदलायच्या असतील तर माझा कल इकडे. अख्ख्या ब्लॉकमध्ये व्ही-फोर्स नावाच्या ब्लॉकची रचना वेगळी आहे. एरवी ब्लॉकवर पाकळ्या 'व्ही'च्या आकारात बसतात. इथे एका 'व्ही'च्या जागी दोन 'व्ही' शेजारी शेजारी, त्यामुळे पाकळ्या दुप्पट आणि प्रत्येकीला उघडावं लागतं निम्मंच. कमी हलायचं म्हणजे लवकर उघडायचं, लवकर मिटायचं. चांगली वस्तू आहे, मी नाही म्हणणार नाही. पण आयात खर्चासकट ती पडते केवढ्याला, ते तू बघितलं असशीलच.

आता तू नकळत सांगितलेली गोष्ट. 'वर गेली की तुफान.' तुझं इंजिन ५४ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ५४.५ मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची धाव). एवढ्याशा इंजिनाने खालूनही थोडं ओढावं म्हणून यामाहाने एक्झॉस्टच्या तोंडाशी पॉवर व्हॉल्व्ह बसवलाय, वायपीव्हीएस म्हणतात तो. कमी आरपीएमला तो खाली राहून एक्झॉस्टचं दार ठेंगणं ठेवतो, वेग वाढला की गव्हर्नर त्याला वर उचलतो. काजळी आणि जळकं ऑइल साचून तो उघड्या जागीच अडकला तर काय होईल? वर गाडी तुफान, खाली मेलेली. तुझं पत्र तूच पुन्हा वाच.

तेव्हा पहिलं काम हे. पॉवर व्हॉल्व्हचं झाकण काढायचं आणि दांडा हाताने हलवून बघायचा. लोण्यासारखा फिरला पाहिजे आणि सोडला की आपसूक मिटला पाहिजे. मध्ये कुठे अडखळत असेल तर व्हॉल्व्ह बाहेर काढ, रॉकेल नाहीतर कार्ब क्लीनरमध्ये भिजव, पितळी ब्रशने घास. पोलादी ब्रश नको, पटाशी तर अजिबात नको.

गेल्या वर्षी सिन्नरचा एक मुलगा अशीच १२५ टेम्पोत घालून माझ्याकडे आला. बाहेरून मागवलेला कोरा करकरीत ब्लॉक लावलेला, तरी भॉक जसाच्या तसा. मी ब्लॉकला हातही लावला नाही. पॉवर व्हॉल्व्ह काढला तर त्यावर नुसतं डांबर. दीड तास आम्ही दोघं घासत बसलो. पोरगा एक फेरी मारून आला आणि हेल्मेट काढून गप्प उभा राहिला. गाडी सुधारली म्हणून हसावं की ब्लॉकचे पैसे आठवून रडावं, हे त्याचं ठरत नव्हतं. मी चहा मागवला.

व्हॉल्व्ह मोकळा असेल आणि भॉक तरीही असेल तर पुढचा प्रश्न असा, की भॉक कोरडा आहे की ओला. इंजिन गरम असताना चोक अर्धा ओढून तेच वळण घे. सुधारलं तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे कोरडा. बिघडलं तर पेट्रोल जास्त होतंय, म्हणजे ओला. मग एअर स्क्रू. या कार्बोरेटरला तो बाहेर फिरवला की हवा वाढते. एक ते दोन फेऱ्यांच्या मध्ये कुठेतरी इंजिन सगळ्यात तरतरीत वाटलं पाहिजे. अडीच फेऱ्या बाहेर काढल्यावरच बरं वाटत असेल तर स्लो जेट, म्हणजे कमी आरपीएमला पेट्रोल सोडणारं भोक, मोठा आहे, लहान लाव. एक फेरीच्या आतच बरं वाटत असेल तर स्लो जेट मोठा घ्यावा लागेल. पुणे आणि नाशिक उंचीला जवळपास सारखेच, त्यामुळे गाडी तिकडून इकडे आली म्हणून जेट बदलायचं कारण नाही. कारण पेट्रोलचं आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण कोरडं होतं. २००३ साली जपानात ज्यांनी हे जेट ठरवले त्यांच्यासमोर आपला पंप नव्हता. टू-स्ट्रोकमध्ये कोरडं चालणं म्हणजे नुसता पिकअप जाणं नाही, पिस्टन बसतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. आणि महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेव, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

आता रीड काढ. टाकी उतरव, कार्बोरेटरच्या क्लिपा सैल कर, त्याला ब्लॉकशी जोडणाऱ्या रबरी बूटचे बोल्ट काढ, ब्लॉक हातात येईल. उघड्या तोंडावर लगेच स्वच्छ फडकं कोंब. तिथून पडलेला वॉशर शोधायला अख्खं इंजिन खोलावं लागतं, हे मी स्वानुभवाने लिहितोय. ब्लॉक टॉर्चसमोर धरून आतून बघ. पाकळीच्या कडेने उजेडाची रेघ दिसली तर ती नीट मिटत नाहीये. फीलर गेजची ०.२ मिमीची पट्टी आरामात शिरत असेल तर पाकळ्या संपल्या. कोपरे बघ. फायबरची, म्हणजे काचतंतूंची, पाकळी मरायला आली की कडेला पांढरी होते, तंतू सुटतात, जुन्या गोधडीची किनार असते तशी. मग कार्बोरेटरच्या बाजूने ब्लॉकमध्ये थोडं पेट्रोल ओत. थेंब थेंब गळलं तर चालेल. धार लागली तर नाही. ब्लॉकवर ज्या ठिकाणी पाकळी टेकते तिथलं रबर झिजलं असेल तर नवी पाकळीही गळणार, हे लक्षात ठेव.

मखमलाबादची माती काळी. पावसाळ्यात चिखल आणि मेमध्ये पिठासारखी धूळ. एअर फिल्टरचा फोम ऑइल न लावता कोरडा बसवलास की ती धूळ थेट पाकळीवर. एक कण जरी पाकळीखाली अडकला तरी ती उघडीच राहते. पन्नास टक्के 'खराब' रीड मी नुसते धुऊन परत लावलेत.

एवढं करून पाकळ्याच खराब निघाल्या तर दुपदरी फायबर घे किंवा कंपनीच्या मूळ जाडीच्या. बसवताना स्क्रूंना निळं थ्रेडलॉक लाव आणि पिळू नकोस, दोन बोटांनी धरलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने बसतील एवढंच. सैल झालेला स्क्रू पुढे कुठे जातो ते तुला माहीत आहे. ब्लॉकचं पॅकिंग नवंच घाल. जुनं फाटकं पॅकिंग चिकटवून बसवलं की तिथून हवा ओढली जाते, आणि मग तू महिनाभर जेटच बदलत बसशील. स्लोवर ठेवून ब्लॉकच्या कडेला कार्ब क्लीनरची पिचकारी मारून बघ. आवाज बदलला तर हवा आत जातेय. नव्या पाकळ्यांनंतर एअर स्क्रू पुन्हा लावायचा, जुन्या जागेवर भरवसा नाही.

पाकळ्या चांगल्याच निघाल्या तर साठवलेल्या पैशातले थोडे घेऊन मागचं स्प्रॉकेट बदल. पुढे १३ दाते आणि मागे ४८ असतील तर मागे ५० लाव, खालची ओढ चार टक्क्यांनी वाढते. पुढे १२ लावलंस तर आठ टक्क्यांच्या वर. तुमचा ट्रॅक छोटा आहे, सरळ पट्टा नाही, वरचा वेग तुला तसाही लागत नाही. चेन मात्र पुढच्या लहान स्प्रॉकेटवर लवकर झिजते, म्हणून मी मागचं मोठं करणं पसंत करतो.

आणि क्लच मारावा लागतो म्हणून लाजू नकोस. १२५ टू-स्ट्रोक जगात सगळीकडे क्लच मारतच चालवतात. वळणात एक गिअर खाली राहा.

प्रश्न : महोदय, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. १९९२ ची आरएक्स १०० स्वतः जपली आहे, आजवर दुसऱ्या हातात दिलेली नाही. आता मुलगा म्हणतो की स्टीलच्या रीडच्या पाकळ्या काढून फायबरच्या लावूया, चढावर ओढेल. मेकॅनिक म्हणतो, पाकळीवरचा स्टॉपर थोडा वाकवून वर करतो, फुकटात काम होईल. माझं मन दोघांनाही होकार देत नाही.

उत्तर : साहेब, मेकॅनिकला आधी नाही म्हणा. स्टॉपर म्हणजे पाकळी किती उघडेल त्याची मर्यादा. पक्कडीने तो वर केला की स्टीलची पाकळी रोज थोडी जास्त वाकते, आणि स्टीलची वाकण्याची सहनशक्ती मोजकी असते. एक दिवस कोपरा तुटतो.

माझ्या बाबतीत तो त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या अलीकडे तुटला. वय पंचवीस, आरएक्स माझीच, स्टॉपर मीच वाकवलेला, फुकटात. नखाएवढा स्टीलचा तुकडा क्रँककेसमधून ट्रान्सफर पोर्टने, म्हणजे माल वर नेणाऱ्या वाटेने, वर गेला आणि पिस्टन-बोअर दोन्ही ओरबाडून काढले. टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन चाललेल्या एका टेम्पोत गाडी आडवी घालून नाशकात आणली. टेम्पोवाल्याने भाडं घेतलं नाही, पण सातपूरपर्यंत तो हसत होता.

इथे मुलाचं म्हणणं बरोबर आहे. फायबरची पाकळी तुटली तरी तिचा भुगा होतो, जळून जातो, बोअर सहसा वाचतो. चढावर ओढण्याचं म्हणाल तर फरक पडेल, पण ९८ सीसीच्या गाडीत चमत्कार नाही. थ्रॉटल उघडल्यावरचं उत्तर जरा लवकर येईल, एवढंच. तुमच्या स्टीलच्या पाकळ्या सपाट असतील, उजेड दिसत नसेल, तर त्या काढून डबीत जपून ठेवा आणि फायबरच्या लावून बघा. नाही आवडल्या तर अर्ध्या तासात मूळच्या परत बसतात. गाडीचं काही कापायचं नाही, घासायचं नाही, मग मनाला एवढा त्रास कशाला.

आम्ही तरुण होतो तेव्हा तयार फायबर पाकळ्या इथे मिळायच्या नाहीत. सातपूर एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्यांकडून ग्लास इपॉक्सीच्या शीटचे तुकडे आणायचो, जुनी पाकळी वर ठेवून सुईने आखायचो आणि कात्रीने कापायचो. कडा पाण्यात बुडवून पॉलिश पेपरवर घासायच्या, कोरड्या नाही. काचेची ती भुकटी छातीत जाते. तेव्हा आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, आठ दिवस हात खाजायचे तेवढं कळायचं. तुमच्या मुलाला हा उद्योग करायचा असेल तर मास्क लावून करू द्या. मेकॅनिकपेक्षा तो नक्कीच जपून करेल.

ऑइल पंपाची केबल या निमित्ताने तपासून घ्या. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर पंपावरची खूण जुळायला हवी. रीड काढताना बरेच जण पंपाची ऑइलची नळी ओढतात आणि तिच्यात हवा भरते, मग पहिले काही किलोमीटर इंजिन तेलाशिवाय. बसवून झालं की नळीतले बुडबुडे काढूनच किक मारा.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे. बांधाचं गवत कापायला टू-स्ट्रोक ब्रश कटर घेतलाय. दुसऱ्याच हंगामात कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल उलटं उडतंय, फिल्टर ओला होतो आणि जोर नाही. दुकानदार म्हणतो रीड गेला. तुमच्या सदरात रीडबद्दल वाचलं होतं म्हणून विचारतो.

उत्तर : दादा, आधी तुमच्या मशिनला रीड आहे का ते बघा. स्वस्तातल्या बऱ्याच ब्रश कटरना तो नसतोच, पिस्टनच दार उघडतो आणि मिटतो. त्यात थोडं उलटं उडणं जन्मजात असतं. कार्बोरेटर काढून आत बोट घातलं की कळेल. पाकळी दिसली नाही तर दुकानदाराला पैसे देऊ नका.

माझा संशय सायलेन्सरवर आहे. त्यात ठिणग्या अडवायची बारीक जाळी असते. ऑइल जास्त घातलं की ती काजळीने बुजते, धूर बाहेर जात नाही, मग माल मागे उलटतो आणि जोर जातो. जाळी काढून गॅसवर लाल करा आणि झटका. एक्झॉस्टचं तोंड लाकडी काडीने खरवडा, पिस्टन खाली असताना नको, दार झाकलेलं असतानाच, म्हणजे कचरा आत पडणार नाही. आणि ऑइलचं प्रमाण डबीवर लिहिलंय तेवढंच. 'थोडं जास्त घातलं तर इंजिनाला बरं' असं आपल्याकडे प्रत्येक जण म्हणतो, फवारणीच्या औषधाच्या बाबतीतही म्हणतो.

प्रश्न : नमस्कार. मी सिडकोत राहते. मुलगा १६ वर्षांचा आहे, मामाच्या शेतात मित्रांबरोबर डर्ट बाइक चालवतो. बाइक मामाने घेऊन दिली, माझा विरोध होता. आता 'रीड बदलायचे आहेत' म्हणून पैसे मागतो. खरंच लागतात का, की मला काही कळत नाही म्हणून सांगतोय?

उत्तर : ताई, लागू शकतात, खोटं बोलतोय असं समजू नका. त्याला सांगा, जुना रीड काढून घरी आण आणि मला दाखव. बाल्कनीत उभं राहून तो ब्लॉक उजेडाकडे धरायचा. पाकळीच्या कडेने उजेड येतोय का, कोपरे विसकटलेत का, एवढंच बघायचं. त्यात यंत्रशास्त्र काही नाही, रव्याची चाळणी फाटली आहे का ते आपण असंच बघतो. कोपरे विसकटले असतील तर पैसे द्या. धडधाकट असतील तर त्याला वर सातपूरच्या भावाला लिहिलेलं उत्तर वाचायला द्या.

पण त्याआधी एक विचारा. गुडघ्याचे गार्ड, छातीचं कवच आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आहेत का? नसतील तर रीडचे पैसे आधी तिकडे. बाइक शेताबाहेर रस्त्यावर काढायची नाही, एक किलोमीटरसुद्धा नाही. तिला नंबर नाही आणि त्याला लायसन नाही. मामांनाही माझ्या वतीने हे सांगा. आणि त्याच्या पायाचं माप कळवा. माझ्या पुतण्याचे क्रॉसचे बूट माळ्यावर पडून आहेत, आठ नंबरचे, एक बकल तुटलंय तेवढं मी लावून देतो.